लहान खोलीत समाधान देणारा खर्ज हवा असेल, तर हाय-फाय संच कसा निवडावा?

आपली खोली ४.२ मीटर लांब आणि ३.४ मीटर रुंद आहे, सध्याच्या छोट्या स्पीकरांतून बास गिटार ऐकू येते पण अंगाला भिडत नाही, आणि रात्री आवाज बेताचा ठेवूनच ऐकावे लागते, असे आपण लिहिले आहे. अशा खोलीसाठी मोठे, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर घ्यावेत की छोटे स्पीकर आणि सोबत सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारी वेगळी पेटी, घ्यावा, आणि अँप्लिफायर किती वॅटचा असावा, हे आपले प्रश्न आहेत. माझे उत्तर असे की, साडेसहा इंची वूफर (स्पीकरमधला खालचे स्वर वाजवणारा भाग) असलेले चांगले बुकशेल्फ, म्हणजे फळीवर किंवा स्टँडवर ठेवायचे छोटे, स्पीकर घ्यावेत, त्यांना बंद पेटीचा एक सबवूफर जोडावा, पुढे जमल्यास तसाच दुसरा घ्यावा, आणि वॅटचा विचार सर्वांत शेवटी करावा. मात्र हे का, ते समजून घेतल्याशिवाय केलेली खरेदी फसण्याची शक्यता मोठी असते, आणि मी स्वतः तशी फसलेली खरेदी केलेली असल्यामुळे कारणे थोडी विस्ताराने लिहितो.

काही वर्षांपूर्वी मी जवळपास आपल्याच खोलीएवढ्या खोलीसाठी प्रत्येकी दोन आठ इंची वूफर असलेले उंच स्पीकर आणले. दुकानातल्या प्रशस्त दालनात ते अप्रतिम वाजले होते. घरी मात्र बास गिटारचा एक ठरावीक स्वर आला की भिंती घुमायच्या, शेजारचे स्वर जेमतेम ऐकू यायचे, आणि माझी खुर्ची खोलीच्या मध्यावर असल्यामुळे पुष्कळदा तिथे खर्ज जवळजवळ नाहीसाच व्हायचा, तर मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले की तोच अतोनात वाटायचा. मी आधी केबल बदलली, मग अँप्लिफायर बदलला, आणि काहीच फरक पडला नाही. दोष स्पीकरांत नव्हता आणि अँप्लिफायरमध्येही नव्हता. तो खोलीच्या मापांत होता, आणि ती मापे घ्यायला एक साधी टेप पुरली असती.

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो, त्यामुळे ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांच्या, स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटरपेक्षा जास्त भरते. एवढी लांब लाट आपल्या खोलीत मावत नाही. ती समोरासमोरच्या भिंतींमध्ये मागेपुढे आदळत राहते आणि काही ठरावीक वारंवारतांवर तिथेच साचते. त्यांतली सर्वांत खालची वारंवारता काढायला ३४४ या आकड्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागावे. आपल्या ४.२ मीटर लांबीसाठी उत्तर येते सुमारे ४१ हर्ट्झ, आणि ३.४ मीटर रुंदीसाठी सुमारे ५१ हर्ट्झ. आता लक्षात घ्या की चार तारांच्या बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१.२ हर्ट्झचा स्वर निघतो. म्हणजे आपल्या खोलीचा पहिला घुमारा नेमका त्या तारेवर येतो. अशा घुमाऱ्याचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक आणि मध्यभागी जवळपास शून्य असतो, म्हणून खोलीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्याला तो स्वर हरवल्यासारखा वाटतो. आपल्याला आज जी उणीव जाणवते, तिच्यातला काही भाग बसण्याच्या जागेमुळे असू शकतो. तेव्हा खरेदीआधी खुर्ची मागच्या भिंतीकडे अर्धा-पाऊण मीटर सरकवून तेच संगीत पुन्हा ऐकून पाहावे. जाड गालिचा किंवा भिंतीवरचा पाच सेंटिमीटरचा फोम इथे उपयोगी पडत नाही, कारण ४१ हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्साच दोन मीटरपेक्षा लांब असतो आणि पातळ थराला ती दाद देत नाही.

म्हणून समाधानकारक खर्ज म्हणजे केवळ पुष्कळ खर्ज, ही समजूत मी आता सोडली आहे. माझ्या दृष्टीने त्यात तीन गोष्टी येतात: खालचे स्वर खरोखर खालपर्यंत पोहोचावेत, त्यांतला एकही स्वर इतरांपेक्षा फुगू नये, आणि स्वर संपला की तो थांबावा. डग्ग्यावरचा मींडकामाचा घुमार खाली सरकताना सलग ऐकू आला, मध्येच मोठा किंवा लहान झाला नाही, तर संच आणि खोली यांचे जमले असे समजावे. या गोष्टीचे महत्त्व केवळ माझ्या आवडीचे नाही. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये स्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांची पसंती वर्तवण्याचे जे गणिती प्रारूप मांडले, त्यात खर्जाचा वाटा सुमारे ३० टक्के होता. उरलेले सगळे बिनचूक असूनही खर्ज बिघडलेला असेल, तर श्रोता नाराजच राहतो.

आता स्पीकरांकडे वळू. खोल खर्ज, चांगली संवेदनक्षमता (कमी वॅटमध्ये मोठा आवाज देण्याची क्षमता) आणि लहान पेटी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. त्यांतल्या दोन घ्याव्या आणि तिसरी सोडावी लागते. अभियंते याला हॉफमन यांचा नियम म्हणतात, आणि त्यातून आजवर कोणत्याही कंपनीची सुटका झालेली नाही. १९५४ मध्ये अमेरिकन संशोधक एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला, पण त्याची किंमत त्यांना संवेदनक्षमतेत मोजावी लागली आणि त्या स्पीकरांना अधिक ताकदीचा अँप्लिफायर लागू लागला. आकाराचे महत्त्व हवा ढकलण्यात आहे. आवाजाची पातळी तीच ठेवून स्वर एक सप्तक खाली नेला, तर वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, म्हणजे शंकूला, चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. सहा इंची शंकूच्या चौपट क्षेत्रफळ बारा इंची शंकूचे असते, आणि म्हणून मोठा शंकू जे काम सहज करतो, ते करताना लहान शंकू त्याच्या मर्यादेपाशी जाऊन धापा टाकतो. लहान पेटीतून ‘थरथरवणारा’ खर्ज देण्याचे वचन जाहिरातीत दिसले, तर तिथे बहुधा ८० ते १२० हर्ट्झचा पट्टा मुद्दाम उचललेला असतो. पहिल्या पाच मिनिटांत तो भरदार वाटतो आणि तासाभराने त्याचा शीण येतो.

पेटीला भोक असावे की नसावे, याचाही निर्णय आपल्या खोलीच्या संदर्भात घ्यावा. भोक असलेली पेटी एका मर्यादेपर्यंत जास्त खर्ज देते, पण त्या मर्यादेखाली तिचा आवाज सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो. बंद पेटीचा आवाज सप्तकामागे १२ डेसिबलने, म्हणजे सावकाश उतरतो. लहान खोल्यांमध्ये भिंती जवळ असल्यामुळे अगदी खालच्या स्वरांना मुळातच उठाव मिळतो, आणि बंद पेटीचा सावकाश उतार त्या उठावाशी बऱ्यापैकी जुळतो. मोठे उभे स्पीकर अशा खोलीत आणले की काय होते, ते वर मी सांगितलेच आहे. आपल्या मापाच्या खोलीत मोठ्या उभ्या स्पीकरांना माझा मुख्य आक्षेप असा की, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी वाजल्यासारखे ऐकू येण्यासाठी स्पीकर जिथे ठेवावे लागतात ती जागा खर्जासाठी सहसा चुकीची असते, आणि एकाच पेटीत दोन्ही कामे असली की त्यांना वेगवेगळ्या जागी ठेवता येत नाही. सबवूफर वेगळा घेण्याचे खरे कारण हे आहे. अधिक धमक मिळते ती पुढची गोष्ट.

माहितीपत्रक वाचताना एक पथ्य पाळावे. ‘४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ एवढेच लिहिले असेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. ४० हर्ट्झवर आवाज ३ डेसिबलने कमी झालेला आहे की १० डेसिबलने, हे सोबत लिहिलेले असले पाहिजे, कारण १० डेसिबलचा फरक कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. वॅटच्या बाबतीत पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची फुगवून सांगितलेली शक्ती, हा आकडा पूर्ण दुर्लक्षित करावा आणि फक्त सलग मिळणारी आरएमएस शक्ती पाहावी. एक वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणाऱ्या स्पीकरांची जोडी अडीच मीटरवरून बेताच्या आवाजात ऐकताना सरासरी एक वॅटसुद्धा खर्च होत नाही. ढोलाच्या थापेसारखे क्षण मात्र सरासरीच्या शंभरपट शक्ती मागू शकतात. हे धरूनही आपल्या खोलीत प्रामाणिक ५० ते ६० वॅट पुरतात. शक्ती दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबल वाढतात, हे लक्षात ठेवले की १०० वॅटसाठी ओढाताण करावीशी वाटत नाही. खालच्या स्वरांचा भार सबवूफर आपल्या स्वतःच्या अँप्लिफायरवर उचलतो, ती सोय वेगळीच.

आपण रात्री आवाज कमी ठेवून ऐकता, हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. आवाज कमी केला की मानवी कान खर्ज इतर स्वरांपेक्षा जास्त प्रमाणात गमावतो. फ्लेचर आणि मन्सन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलवर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी ६३ हर्ट्झच्या स्वराला ७० डेसिबलपेक्षा अधिक लागतात. म्हणजे दिवसा उत्तम वाटणारा संच रात्री पोकळ वाटणे हा कानाचा धर्म आहे, संचाचा दोष नव्हे. जुन्या अँप्लिफायरांवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण याचसाठी असे, आणि शुद्धतेच्या नावाखाली ते काढून टाकले गेले याचे मला मनापासून वाईट वाटते. आपण अँप्लिफायर निवडताना असे बटण, निदान खर्जाचा नॉब, किंवा आवाजाच्या पातळीनुसार खर्ज सांभाळणारी सोय असलेलाच निवडावा. सबवूफरची पातळी दूरनियंत्रकावरून बदलता येत असेल तर आणखी उत्तम.

सबवूफर आणल्यावर तो कोपऱ्यात सरकवून विसरून जाणे ही सर्वत्र होणारी चूक आहे. कोपऱ्यात तो सर्वांत मोठा वाजतो, पण तिथून तो खोलीचे सगळे घुमारे पूर्ण जोराने जागे करतो. जागा शोधण्याची जुनी युक्ती अशी की, सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी, जमले तर खुर्चीवरच ठेवावा, वर-खाली चालत जाणारा बास असलेली एखादी ध्वनिमुद्रिका लावावी, आणि भिंतींच्या कडेने गुडघ्यांवर बसून, कान जमिनीजवळ नेत फिरावे. जिथे सगळे स्वर सारख्या ताकदीने ऐकू येतील, ती सबवूफरची जागा. ध्वनीच्या स्रोताची आणि श्रोत्याची जागा बदलली तरी त्या दोहोंमधले नाते तेच राहते, म्हणून ही युक्ती लागू पडते. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या स्वराखालचे काम सबवूफरकडे जाते ती सीमा, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावा, कारण त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला फारसे कळत नाही. फेजचा नॉब (तो सबवूफरची लाट स्पीकरांच्या लाटेशी जुळवतो) फिरवून ८० हर्ट्झचा सलग स्वर खुर्चीवर सर्वांत भरीव वाटेल तिथे थांबवावा. पातळी शेवटी लावावी आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी थोडी कमी करावी; मला तरी दर वेळी ती कमीच करावी लागली आहे.

अँप्लिफायरमध्ये खोली मोजून दुरुस्ती करण्याची सोय, म्हणजे डिरॅक किंवा ऑडिसी यांसारखी प्रणाली असेल, तर ती अवश्य वापरावी, पण जागा ठरवून झाल्यावर. फुगलेला स्वर ती चांगला दाबते. हरवलेला स्वर मात्र तिला परत आणता येत नाही, कारण लाटा एकमेकींना खोडत असतील तिथे जास्त शक्ती ओतली की खोडणारी लाटही तेवढीच मोठी होते.

दुसऱ्या सबवूफरचा उल्लेख मी सुरुवातीला केला, तो अधिक आवाजासाठी नाही. ध्वनिसंशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांत सबवूफरांच्या संख्येचा आणि जागांचा अभ्यास मांडला, आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यांवर ठेवलेले दोन सबवूफर ही त्यातली एक फार चांगली मांडणी ठरली. आपल्या खोलीला ती नेमकी लागू पडते. ३.४ मीटरच्या दोन्ही भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवला, की लांबीचा ४१ हर्ट्झचा घुमारा ते दोघे उलट दिशांनी ढकलून विझवतात, आणि रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे ५१ हर्ट्झचा घुमारा त्यांच्याकडून मुळात जागाच होत नाही. यासाठी दोन्ही एकसारखे, बंद पेटीचे, दहा इंची असले तरी पुरेसे आहेत, आणि एकाच अवाढव्य सबवूफरपेक्षा मी ही जोडी डोळे मिटून निवडेन.

दुकानात ऐकायला जाताना आपल्या ओळखीच्या तीन-चार ध्वनिमुद्रिका न्याव्यात, त्यांत एक तरी अशी असावी जिच्यात बास गिटार किंवा डबल बास एकेक पायरी खाली उतरत जातो, आणि ती आपण घरी रात्री ठेवता तेवढ्याच आवाजात ऐकावी. विक्रेता आवाज वाढवू लागला तर त्याला थांबवावे. शक्य असेल तिथे संच काही दिवस घरी नेऊन ऐकण्याची परवानगी मागावी. घरी आणल्यावर तीच ध्वनिमुद्रिका पुन्हा लावावी, आणि एखादा स्वर फुगला किंवा गळला तर संच परत करण्याआधी खुर्ची तीस सेंटिमीटर पुढे किंवा मागे घेऊन पाहावी.