शिबिर केनियात, तयारी ठाण्यात

परदेशी आरोग्य शिबिरांत सेवा द्यायला जाणाऱ्या वाचकांचे हे चार प्रश्न. चौघांचाही मुक्काम केनियात आहे, म्हणून उत्तरंही तिथल्यापुरतीच.

प्रश्न : मी परिचारिका आहे. नैरोबीजवळच्या शिबिरात स्टोव्हवर ठेवायचा ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने उपकरणं निर्जंतुक करायचं भांडं) मिळणार आहे. इथे आम्ही 15 पौंडांवर 30 मिनिटं ठेवतो. तिथेही तेवढंच ना? (ऐरोली)

नाही. ऐरोली खाडीकाठी आहे आणि नैरोबी जवळजवळ 1,800 मीटर उंचीवर. बाहेरच्या हवेपेक्षा आत दाब किती जास्त आहे, तेवढंच काटा दाखवतो. आणि तिथे बाहेरचा दाबच कमी असतो. काटा 15 वर असला तरी आत 121 ऐवजी साधारण 118 अंश तापमान असतं. दर 300 मीटरला अर्धा पौंड वाढवायचा, म्हणजे तिथे 18 पौंड. भांड्याला तेवढा दाब झेपतो असं त्यावर लिहिलेलं असेल तरच हे करा. कुकरसारखी वजनाची शिट्टी असेल तर दाब वाढवता येणार नाही, मग कापडात बांधलेल्या उपकरणांना 30 ऐवजी 60 मिनिटं द्या.

वेळ दाब चढल्यावर मोजायची, स्टोव्ह पेटवल्यापासून नाही. त्याआधी झडप उघडी ठेवून वाफेची सलग धार येऊ द्या. आत हवा अडकली की काटा बरोबर दिसतो, पण तापमान गाठलेलं नसतं. गठ्ठे खच्चून भरले तरी हेच होतं. गठ्ठ्याला लावलेल्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे उष्णता लागली एवढंच कळतं, निर्जंतुक झालं असं नव्हे. गठ्ठा ओला निघाला तर तो वापरू नका, ओल्या कापडातून जंतू पुन्हा आत शिरतात.

प्रश्न : माझं औषधांचं दुकान आहे. मुदत जवळ आलेल्या स्ट्रिप्स शिबिराला द्याव्यात असं वाटतं. (कळवा)

देऊ नका. दानाची औषधं तिथे पोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. पाकिटावर ब्रँडसोबत मूळ औषधाचं नावही हवं. आपल्याकडे चार गोळ्या कापून देतात, तशी कापलेली स्ट्रिप अजिबात नको. बॅच आणि मुदत नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते. ट्रामाडॉल, कोडीन, डायझेपाम यांसारखी नियंत्रित औषधं बॅगेत ठेवू नका. आयातीची परवानगी केनियाच्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाकडून आयोजकांनी आधीच घ्यायची असते. आणि सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नका, 28 ऑगस्ट 2017 पासून त्या देशात त्यांवर बंदी आहे. कापडी पिशव्या न्या.

प्रश्न : मी डॉक्टर नाही. औषधवाटपाच्या टेबलावर बसणार आहे, स्वाहिली येत नाही. डोस कसा समजावू? (नौपाडा, ठाणे)

सगळ्यात मोठी फसगत घड्याळाची होते. स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात. ‘सा मोजा’ म्हणजे शब्दशः एक वाजला, पण आपल्या घड्याळात तेव्हा सात वाजलेले असतात. दुभाष्याने तुमचं ‘आठ’ तसंच उचलून ‘सा नाने’ केलं, तर आजीबाई गोळी दुपारी दोन वाजता घेतील. म्हणून तास सांगूच नका. ‘असुबुही’ म्हणजे सकाळ, ‘उसिकू’ म्हणजे रात्र. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा. आपली 1-0-1 ही खूण तिथे कळेलच असं धरू नका. ‘कुत्वा मारा म्बिली’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘मारा तातू’ म्हणजे तीनदा. औषधाला ‘दावा’ म्हणतात, आपल्या दवाखान्यातल्या दव्याचंच अरबी भावंड. तेवढा एक शब्द पाठ करावा लागत नाही.

सांगून झाल्यावर ‘कळलं का?’ विचारू नका. मान सगळेच डोलावतात. ‘आता तुम्ही मला सांगा’ म्हणा.

मुलांच्या पॅरासिटामॉलची बाटली दरवेळी वाचा. आपल्याकडे 5 मिलीत 120 मिग्रॅ आणि 250 मिग्रॅ अशी दोन्ही सिरप मिळतात. किलोला 15 मिग्रॅ या हिशेबाने 10 किलोच्या बाळाला पहिलं साधारण 6 मिली, दुसरं फक्त 3 मिली. डोस डॉक्टरच लिहितील, पण मिली मोजणारा हात तुमचा असतो. घरचा चमचा नको, सुईविना सिरिंज द्या.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ते सगळं ओतलं तर पाणी दुप्पट खारट होतं आणि बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढतं. टेबलावर लिटरची रिकामी बाटली ठेवा आणि पाणी कुठपर्यंत भरायचं ते बोटाने दाखवा.

प्रश्न : पिवळ्या तापाची लस भारतातून जाताना खरंच लागते? मलेरियाच्या गोळ्यांचं काय? (वाशी)

अडचण परतताना येते. केनियाहून येणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. लस जिवंत विषाणूची आहे. वय साठीपुढे असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

नैरोबीत मलेरियाचा धोका कमी, पण पश्चिमेकडच्या किसुमू शहरात आणि किनारपट्टीवर भरपूर. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली तर रोज 100 मिग्रॅ, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. गोळ्या सुटतात त्या याच चार आठवड्यांत, घरी आल्यावर. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्या, दुधाबरोबर नको, आणि नंतर अर्धा तास तरी आडवे होऊ नका. ती अन्ननलिकेत चिकटली तर जखम करते. उन्हाने कातडीही लवकर भाजते, म्हणून रांगेजवळ उभं राहायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.