घाटात काटा वर, बाटली काठोकाठ

प्रश्न : माझी १९९८ सालची मारुती ८०० आहे. वाईत किंवा साताऱ्यापर्यंत कितीही फिरवली तरी तापमानाचा काटा निम्म्याच्या खालीच असतो. पसरणी घाटाला लागलो की मात्र अर्ध्या वाटेत काटा चढायला लागतो आणि पाचगणी येईपर्यंत बॉनेटमधून वाफा. रेडिएटर नवा टाकला, वॉटर पंप बदलला, मेकॅनिकने 'वॉल' काढून टाकला. फरक शून्य. रोज सकाळी रेडिएटरमध्ये अर्धा लिटर पाणी घालावं लागतं, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. बाजूची प्लास्टिकची बाटली मात्र काठोकाठ भरलेली असते. आता मेकॅनिक हेड उतरवायचं म्हणतोय. गाडी विकून टाकू का?
– एक निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : सर, गाडी विकू नका आणि हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, एवढ्यात कुणाला हात लावू देऊ नका. तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. रेडिएटर रिकामा आणि बाटली काठोकाठ. रोग तिथेच बोलतोय.

पाणी तापलं की फुगतं. जास्तीचं पाणी रेडिएटरच्या टोपणातला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उचलून बारीक नळीने बाटलीत जातं. रात्री इंजिन गार होताना पाणी आकसतं, आत ओढ तयार होते आणि बाटलीतलं पाणी परत यायला हवं. ते येतं टोपणाच्या पोटात मधोमध असलेल्या शर्टाच्या बटणाएवढ्या चकतीतून. टोपण उलटं करा आणि चकती नखाने हलकेच ओढा. ती सहज खाली यायला हवी आणि सोडली की परत बसायला हवी. तुमची बहुतेक चिकटलेली असेल, नाहीतर भोवतीचं रबर वाळून कडक झालं असेल. चकती ठीक निघाली तर बाटलीकडे जाणारी नळी तपासा. रेडिएटरच्या गळ्याशी तिला चीर गेली असेल, तर पाण्याऐवजी हवाच ओढली जाते.

रेडिएटर नवा घेतलात, पण टोपण? नव्या रेडिएटरवर जुनंच टोपण फिरवून बसवलं असणार, मी पैज लावतो. पंधरा गाड्यांत दहा वेळा हेच बघितलंय. टोपण शे-दोनशे रुपयांत येतं. जुन्यावर ०.९ असा आकडा असेल, नवंही त्याच आकड्याचं घ्या. 'जास्त दाबाचं चांगलं' म्हणून १.१ चं घेऊ नका, जुन्या होज पाइपांना ते झेपायचं नाही.

आता घाटातच का? पाचगणी साधारण १,३०० मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. टोपण नीट दाब धरत असेल, तर तेच पाणी ११५ अंशांच्या पुढेही शांत राहतं. धरत नसेल, तर दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत चढणाऱ्या इंजिनाला ९६ गाठायला कितीसा वेळ? त्यात सकाळचं अर्धा लिटर कमी. साताऱ्याच्या सपाट रस्त्यावर वारा भरपूर आणि ओझं कमी, म्हणून तिथे सगळं झाकून जातं.

झाकायला आणखी एक गोष्ट मदत करते. तुमच्या मेकॅनिकने काढलेला 'वॉल', म्हणजे थर्मोस्टॅट. तो काढला की गाडी तापत नाही ही आपल्याकडची फार जुनी समजूत आहे. थर्मोस्टॅट इंजिन लवकर गरम करतो आणि ठरलेल्या तापमानाला धरून ठेवतो. तो नसला की इंजिन सपाटीवर कायम कोमट राहतं, पेट्रोल पितं, आणि काटा निम्म्याखाली बघून आपण खूश. परत बसवा. त्याच्यावर ८२ असा आकडा कोरलेला असतो. बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवून तापवा. उकळी फुटायच्या बरंच आधी तो उघडायला लागला पाहिजे. पातेलं चहाचं घेऊ नका, माझ्या घरी त्यावरून दोन दिवस अबोला झाला होता.

हेडचा संशय स्वतःच काढून टाका. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, टोपण उघडून पाणी गळ्यापर्यंत भरा आणि गाडी सुरू करा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा. सोड्यासारखे येतच राहिले तर हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेडखालच्या सीलमधून, सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसतोय. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज पाइप सकाळी दाबून बघा. तो टणक लागला तरी तोच अर्थ. ऑइलची पट्टी काढून बघा, दुधाच्या कॉफीचा रंग आलाय का. यातलं काहीच नसेल तर हेड खोलायचं कारण नाही.

गाडी एका जागी उभी करून पंखा आपोआप सुरू होतो का तेही बघाच. घाटात वेग कमी, सगळी भिस्त त्याच्यावर. आणि हेडलाइट लावल्याबरोबर काटा टुणकन वर उडत असेल, तर गाडी तापलेली नाही, अर्थिंग सैल आहे.

तोवर घाटात काटा चढलाच, तर गाडीतला हीटर पूर्ण चालू करा (तो इंजिनाचीच उष्णता ओढून घेतो), खिडक्या उघडा आणि जागा मिळताच थांबा. गरम टोपणाला हात लावायचा नाही, म्हणजे नाही. माझ्या उजव्या मनगटावर खंबाटकी घाटातली खूण आहे. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. गरम इंजिनात गार पाणीही ओतू नका. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, वाकडं होतं. मग मात्र तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरेल.

प्रश्न : रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घातलं तर चालतं का? आमच्याकडे सगळे तेच घालतात.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : बादलीत पाणी तापवायचा घरचा हीटर रॉड बघा. त्याच्यावर चढलेला पांढरा थर रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत बसला तर काय होईल? बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कूलंट मिसळा. वाटेत नाइलाजाने बोअरचं घालावं लागलं तर घाला, पण घरी आल्यावर सगळं काढून पुन्हा भरा.