गोंद बदलला तर दात वाचतील का?

कोथरूडहून आलेल्या एका आईने खुर्चीत बसण्यापूर्वीच विचारले, "मॅडम, खालच्या दातांना ब्रॅकेट चिकटवताना जंतू मारणारा गोंद वापरा, असं डॉक्टरांना सांगाल का? चार पैसे जास्त पडले तरी चालतील." त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीच्या वरच्या दातांना तारा बसवून सहा आठवडे झाले होते आणि खालच्या दातांची पाळी पुढच्या भेटीत होती. भाच्याच्या तारा निघाल्यावर त्याच्या दातांवर ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या, जागांभोवती खडूसारखे पांढरे डाग राहिलेले त्यांनी पाहिले होते. दंतचिकित्सालयात समुपदेशन करताना ही भीती घेऊन आलेले पालक मला वरचेवर भेटतात.

भीती निराधार नाही. साखर मिळाली की दातांवरच्या थरातील जिवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, आम्ल तयार करतात आणि सामू (pH) साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधील, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणातील, खनिजे विरघळू लागतात. ब्रॅकेटच्या कडेला हा थर साचून राहिला, तर असा डाग अवघ्या चार आठवड्यांतही दिसू शकतो.

जिवाणूरोधक गोंदाची कल्पनाही पोकळ नाही. चतुर्थक अमोनियम या जंतुनाशक गटाचे रेणू रेझिनमध्येच, म्हणजे गोंदाच्या मूळ पदार्थातच, रासायनिकरीत्या बांधलेले असले, तर ते झिरपून संपत नाहीत आणि पृष्ठभागाला टेकणारे जिवाणू मारतात. चांदीचे नॅनोकण, झिंक ऑक्साइड, क्लोरहेक्झिडीन मिसळूनही प्रयोग झाले आहेत. मात्र यांतील बरेचसे काम प्रयोगशाळेतले आहे, शिवाय असे पदार्थ प्रमाणाबाहेर मिसळले तर पकड कमी होऊ शकते, आणि ब्रॅकेट टिकण्यासाठी साधारण 6 ते 8 मेगापास्कल इतकी पकड लागते, असे मानले जाते.

मला याहून महत्त्वाची वाटते ती गोंदाची जागा. गोंद ब्रॅकेटच्या खाली असतो आणि तोंडात उघडी राहते ती त्याच्या कडेची बारीक रेघ. तिच्यावरही लाळेतील प्रथिनांचा पापुद्रा चढतो. डाग पडतो तो बहुधा ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधल्या पट्टीत, जिथे स्पर्शाने मारणारा गोंद मुळात पोहोचतच नाही.

हे मी समजावत असताना मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. अचानक म्हणाली, "आईला वाटतं, मी घासतच नाही. म्हणून गोंद हवाय." आई गप्प झाल्या. माझ्या मते त्या दिवसाचा खरा प्रश्न तोच होता, आणि तो मुलीने माझ्याआधी ओळखला.

तिच्याशी वेगळे बोलले तेव्हा समजले की क्लासहून परतताना मैत्रिणींबरोबर उसाचा रस किंवा वडापाव होतो आणि रात्री अभ्यास करताकरता पुस्तकावरच डोळा लागतो. कंटाळा किंवा हट्ट यांत फारसा नव्हता. घासण्याची वेळच चुकीची ठरली होती. मग आम्ही तिघींनी ठरवले, की रात्रीचे घासणे जेवण होताच, अभ्यासाला बसण्याआधी उरकायचे, त्यानंतर पाण्याखेरीज काही नाही, तारेखालून फिरणारा छोटा ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट वापरायची, आणि आईने "घासलेस का?" हा प्रश्न विचारायचा नाही. गोंदाचा निर्णय डॉक्टरांवर सोपवला. त्यांनी नेहमीचाच गोंद वापरला आणि दातांवर फ्लोराइड वार्निशचा लेप लावला.

विचारायचे नाही, तर कळणार कसे, अशी आईची रास्त शंका होती. त्यासाठी थर रंगवून दाखवणारी गोळी दिली, जी मुलीने दर रविवारी स्वतः चावून आरशात पाहायची. पहिल्या वेळी चिकित्सालयातच चावली, तेव्हा वरच्या सुळ्यांच्या ब्रॅकेटभोवती गडद गुलाबी कडी उमटली आणि तिने कोणी न सांगता ब्रश मागितला. पुढच्या भेटीत ती कडी फिकट झाली होती. त्याच दिवशी तिने पाकिटातली एक गोळी आईपुढे धरली, "आता तू चाव." आईंच्या दाढा मुलीपेक्षा जास्त रंगल्या, आणि दोघी बेसिनपाशी हसत उभ्या राहिल्या.