माळावरची पवनचक्की: आधी मास्ट, मग करार

दादा, सोलापूरजवळच्या वडाळ्याकडच्या माळावर २ मेगावॅटच्या दहा पवनचक्क्यांचा प्रस्ताव आलाय, शेतकऱ्यांकडून भागीदारी मागितलीय, आणि तुम्ही विचारताय की आमच्याकडं वारं कायम भणाणतंय, मग बघायचं काय?

ते भणाणणं जून ते ऑगस्टमधलं. पावसाळी वारं ओसरलं की ऑक्टोबरात त्याच माळावर ज्वारीचं पान हलत नाही. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनानं वाढते. सेकंदाला ५ मीटर आणि ६ मीटर यांत ऐकायला फरक एकाचा, पण ऊर्जेचा हिशेब १२५ ला २१६, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा वाऱ्याच्या वेगाचा नकाशा जागा हेरायला चांगला. त्यावरचा रंग बघून पैसे घालू नका.

जागेवर शंभरेक मीटरचा मास्ट, म्हणजे वारं मोजणारा खांब, पूर्ण बारा महिने उभा राहिला पाहिजे. मासिक सरासरीचा रंगीत तक्ता दाखवतील. तुम्ही दहा-दहा मिनिटांच्या मूळ नोंदी मागा. वरच्या उंचीवर वेग मोजणारे दोन कप (फिरत्या वाट्यांची यंत्रं) आहेत का ते बघा, कारण वारं खांबाच्या आड आलं की एक कप हमखास कमी दाखवतो. दिशादर्शक बसवताना उत्तर दिशा चुकली, तर चक्क्यांची सगळी मांडणीच चुकते. हे मी डोळ्यानं बघितलंय, म्हणून सांगतो. शिवाय तेच वर्ष जोराच्या वाऱ्याचं निघू शकतं, तेव्हा नोंदी मागच्या वीसेक वर्षांच्या हवामानाशी ताडून घ्याव्या लागतात.

आपली उंची साडेचारशे मीटरच्या आसपास, त्यात ऊन. हवा विरळ, समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा साधारण ९ टक्के हलकी. अहवालात हे धरलंय का विचारा. क्षमता वापर, म्हणजे पूर्ण क्षमतेनं वर्षभर चालली तर होणाऱ्या विजेतला प्रत्यक्ष मिळणारा वाटा, २५ टक्के धरला तर एका चक्कीची वर्षाला ४३.८ लाख युनिट वीज होते, २० टक्क्यांवर ३५ लाख. सगळा नफा याच फटीत असतो! आणि आकडा पी-५० आहे की पी-९० तेही विचारा. पी-५० म्हणजे निम्म्या वेळा त्याहून कमीच भरणार; पी-९० म्हणजे दहातल्या नऊ वेळा तेवढी तरी भरणार.

तुमच्या जागेचा खरा पेच मात्र शेजारचं नान्नज गाव आहे. तिथं १९७९ चं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, अंगानं जड, तारा चुकवता येत नाहीत. त्यामुळे अभयारण्याच्या हद्दीपासून प्रत्येक चक्कीचं आणि वीजवाहिनीचं अंतर नकाशावर मोजल्याशिवाय वाऱ्याचं गणित मांडण्यातही अर्थ नाही. पात्याचं टोक १८० मीटरवर जातं, तेव्हा विमानतळाची ना हरकतही आलीच; होटगी रस्त्यावरची साखर कारखान्याची चिमणी विमानांना अडथळा म्हणून २०२३ मध्ये पाडली, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

जमिनीचं थोडक्यात: सातबारा वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन) किंवा देवस्थान इनाम असेल तर वेळ लागेल. उपकेंद्रात दहा चक्क्यांची वीज घ्यायला जागा आहे का, हे लेखी घ्या.

मास्ट आधीच उभा असेल तर उंची आणि कोणत्या महिन्यापासून चालू आहे ते कळवा. नोंदी कशा वाचायच्या ते मग सांगतो.