पार्क भरल्यामुळे गेटवरच अडवलं, तर आत बुक केलेल्या जेवणाची नो-शो फी भरावी लागते का?

तुमचा प्रश्न असा आहे: ख्रिसमसच्या आठवड्यात फ्लोरिडातल्या ऑरलँडोला जाताय, डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम या पार्कमध्ये दुपारी एकचं सहा जणांचं टेबल बुक केलंय, आणि पार्क भरलं म्हणून गेट बंद झालं तर नो-शो फी, म्हणजे बुकिंग करून न गेल्याचा दंड, माणशी १० डॉलरप्रमाणे ६० डॉलर कार्डावरून कापला जाईल का?

काहीच हालचाल केली नाहीत तर कापला जाऊ शकतो. सकाळी अकराच्या आत डिस्नेच्या ॲपमधून बुकिंग रद्द केलंत तर एक पैसाही जाणार नाही. अकरानंतर रद्द करायची वेळ आली, तर फोन करून खरं कारण सांगा आणि फी माफ करायला सांगा. मी फ्लोरिडातच राहते. आमच्याकडे भारतातून माणसं येतात ती नेमकी डिसेंबरच्या सुट्टीत, त्यामुळे ही गर्दी आणि तिचे नियम मला चांगले ठाऊक आहेत.

डिस्ने वर्ल्डमध्ये टेबल बुक करताना कार्डाचा नंबर घेतात, पण बहुतेक ठिकाणी पैसे लगेच कापत नाहीत. ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतं. त्यानंतर रद्द केलंत किंवा फिरकलाच नाहीत, तर माणशी १० डॉलर. ही फी २०११ मध्ये मोजक्या रेस्टॉरंटमध्ये सुरू झाली आणि २०१३ पासून वेटर वाढतो अशा जवळपास सगळ्या ठिकाणी लागू झाली. त्या काळी बुकिंग १८० दिवस आधी उघडायचं, आता ६० दिवस आधी उघडतं. सहा महिने आधीच लोक एकाच संध्याकाळसाठी दोन-तीन ठिकाणी टेबलं अडवून ठेवत आणि त्या दिवशी मूड असेल तिकडे जात. उरलेली टेबलं रिकामी. तिथल्या वेटरची बरीच कमाई गिऱ्हाइकांनी दिलेल्या टिपवर चालते, त्यामुळे रिकाम्या टेबलाची झळ त्याला पहिली बसते. म्हणून ही फी असायला माझी मुळीच हरकत नाही.

पूर्वी रद्द करायची मुदत आदल्या दिवशीच संपायची. तेव्हा तुमचा प्रश्न फारच जाचक ठरला असता, कारण गेट बंद होणार ते आज सकाळी आणि मुदत टळलेली काल. आता दोन तास मिळतात, आणि त्यातच तुमची सुटका आहे. मॅजिक किंगडम भरतं त्या दिवशी ते साधारण सकाळीच भरतं. तुमचं टेबल एकचं आहे, म्हणजे अकरापर्यंत तुमच्या हातात निर्णय आहे. तोपर्यंत आत पोचला नसाल आणि गेटवर कोणी ठाम काही सांगत नसेल, तर वाट बघत बसू नका, अकराच्या आत रद्द करा किंवा वेळ पुढे ढकला. ॲपमध्ये बुकिंग बदलायची सोय आहे, संध्याकाळचं टेबल शिल्लक असेल तर तेच घ्या. दुपारनंतर लहान मुलांची कुटुंबं दमून परतायला लागतात आणि गेट पुन्हा उघडतं, असं अनेकदा होतं.

खरा धोका सकाळी अकरा-बाराच्या टेबलांना. त्यांची मुदत नऊ-दहालाच संपते आणि गेट बंद झाल्याचं त्यानंतर कळतं. साडेआठच्या नाश्त्याचं टेबल असेल तर काळजी नाही, तुम्ही गर्दीच्या आधीच आत असता. अजून टेबल बदलता येत असेल, तर या आठवड्यापुरतं एक तर भल्या सकाळचं घ्या, नाहीतर सूर्य मावळल्यानंतरचं.

आता एका गैरसमजाबद्दल. ‘आत जेवणाचं बुकिंग असलं की पार्क भरलं तरी सोडतातच,’ असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. पार्क एका झटक्यात बंद होत नाही, टप्प्याटप्प्याने होतं. आधी नुसतं दिवसाचं तिकीट घेऊन आलेल्यांना थांबवतात. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेले, आतलं जेवण बुक केलेले, सकाळी आत जाऊन बाहेर आलेले, अशांना सुरुवातीच्या टप्प्यांत सोडत आलेत. शेवटच्या टप्प्यात मात्र कुणालाच सोडत नाहीत, मग बुकिंग असो वा हॉटेलची खोली. म्हणून टेबलाला प्रवेशाची हमी समजू नका. आणि त्या दिवशी एकदा आत गेलात की दुपारच्या झोपेसाठी हॉटेलवर परतायचा मोह आवरा. इतर दिवशी मी स्वतः सगळ्यांना तोच सल्ला देते, पण ख्रिसमसच्या दिवशी नाही.

आणखी एक बारकावा. गाडी घेऊन जात असाल तर अडवणूक पार्कच्या गेटवर होत नाही, पार्किंगच्या बूथवरच होते. मॅजिक किंगडमचं पार्किंग पार्कपासून बरंच लांब, तलावाच्या अलीकडे आहे. तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट धरून पलीकडे जायचं असतं. बूथवरचा माणूस गाड्या भराभर वळवत असतो, मागे रांग लागलेली असते, आणि मोबाईलमध्ये बुकिंग शोधायला तिथे उसंत मिळत नाही. बुकिंगचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, काच खाली करताच दाखवा आणि ‘आमचं आत एकचं टेबल आहे’ असं स्पष्ट सांगा. न सांगता गाडी वळवलीत तर तुम्ही नुसते दिवसाचे प्रवासी ठरता.

तरीही नाही म्हणाले, तर फोन करायची वेळ ती. बाजूला गाडी लावा आणि डिस्नेच्या जेवणाच्या बुकिंगच्या नंबरवर फोन करा. वेळ, बुकिंगचा क्रमांक, कुठे अडवलं, काय सांगितलं, एवढं शांतपणे सांगा. पार्किंगच्या पाटीचा फोटो काढून ठेवा, फोटोवर वेळ आपोआप येते. माफ करणं फोनवरच्या माणसाच्या हातात असतं, आणि टेबलाची वेळ होण्याआधी केलेल्या फोनला वजन असतं. मी अशी फी माफ होताना पाहिली आहे, आणि ती दरवेळी आधी केलेल्या फोनमुळेच. तरीही पैसे कापले गेले, तर थेट बँकेकडे तक्रार नोंदवू नका. आधी त्यांच्याशीच फोटोसकट लेखी बोला.

माझं याबाबत ठाम मत आहे. गेट त्यांनी बंद केलं असेल तर फी घेणं अन्याय आहे, आणि ती माफ करून घ्यायला पाहुण्याने फोन करावा लागू नये. पार्क खच्चून भरलेलं असतं तेव्हा टेबल रिकामं राहत नाही. बुकिंग नसलेल्यांसाठी ॲपमध्येच वेटिंग लिस्ट असते, आत हजारो भुकेली माणसं असतात, आणि तुमचं टेबल सुटलं की पुढचं कुटुंब लगेच येऊन बसतं. ज्या नुकसानीसाठी ही फी आणली, ते नुकसान त्या दिवशी होतच नाही. त्या दिवसाची तिकिटं किती विकली हे कंपनीला माहीत, गेट कधी बंद केलं हेही माहीत. त्या वेळेत ज्यांचं तिकीट गेटवर स्कॅनच झालं नाही, त्यांची फी आपोआप सोडून देणं अजिबात अवघड नाही.

तुम्ही सहा जण आहात म्हणून हेही सांगते: नेहमीच्या टेबलांना तुमच्यापैकी एकजण जरी जाऊन जेवला तरी नो-शो फी लागत नाही. समजा दोघं सकाळी लवकर आत गेले आणि आजी-आजोबा व मुलं मागे अडकली, तर त्या दोघांनी जाऊन जेवावं. फक्त आधी बुकिंगमधली माणसं कमी करा, म्हणजे सहाचं टेबल दुसऱ्या कुटुंबाला मिळेल. ज्या ठिकाणी सगळे पैसे आधीच भरून घेतात, उदाहरणार्थ डिस्नेच्याच फोर्ट वाइल्डरनेस रिसॉर्टमधला ‘हूप-डी-डू’ डिनर शो, तिथे हा हिशेब चालत नाही. त्यांच्या अटी वेगळ्या असतात, त्या बुकिंगच्या ईमेलमध्ये नीट वाचा. तो शो पार्कच्या बाहेर आहे, त्यामुळे गेट बंद झाल्याचा त्याला फटका बसत नाही, पण रस्त्यातल्या गर्दीचा बसतो.

जुलै २०२० पासून पार्कात जायलाही आधी दिवस राखून ठेवावा लागायचा. तारखेच्या साध्या तिकिटांसाठी ती अट ९ जानेवारी २०२४ ला उठली. गावाहून येणाऱ्यांची सोय झाली हे खरं, पण ख्रिसमसला किती माणसं दारात उभी राहतील यावरचा एक लगाम सैल झाला. त्यामुळे तुमची चिंता अनाठायी नाही.

त्या दिवसासाठी दुसरा बेत मनात तयार ठेवा. साध्या तिकिटावर दिवसाला एक पार्क, आणि डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांपैकी कुठलं ते तुम्ही ठरवायचं. मॅजिक किंगडमच्या गेटवर तिकीट स्कॅनच झालं नसेल, तर तेच तिकीट घेऊन एपकॉट या दुसऱ्या पार्कला जा. मॅजिक किंगडम सुमारे १०७ एकरांचं, एपकॉट ३०० एकरांच्या आसपास, म्हणून ते सहसा इतकं भरत नाही, ३१ डिसेंबरची रात्र सोडून. तुम्ही जिथे गाडी लावता, त्याच ठिकाणाहून एपकॉटची मोनोरेल सुटते. तिथे तलावाभोवती अकरा देशांची दालनं आहेत, आणि टेबल नाही मिळालं तरी उभ्याउभ्या खाण्यासारखं पुष्कळ मिळतं.

पार्कात जायचंच नाही असं ठरलं, तर हॉटेलांमधल्या रेस्टॉरंटना पार्कचं तिकीट लागत नाही. त्याच पार्किंगपासून डिस्नेचं पॉलिनेशियन हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आजी-आजोबा सोबत असतील तर आजच तिथल्या एखाद्या संध्याकाळच्या टेबलासाठी प्रयत्न करा, आणि मॅजिक किंगडमला सगळे आत पोचलात की ते लगेच, मुदतीच्या आत सोडून द्या. त्याची मुदतही दोन तास आधीच संपते, मोबाईलमध्ये गजर लावून ठेवा.