दोन-अडीचशे किलोची गाडी आणि घरचं अंगण : वाचकांचे प्रश्न

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाला टेकला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. मग हौशी मंडळी अंगणातल्या पत्र्याखाली गाडी उघडून बसतात आणि माझ्याकडे प्रश्नांचा ओघ सुरू होतो. यंदाच्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी गाडीचं वजन आहे. ते कशावर टेकलंय आणि हौसेपोटी आपण ते कुठून कुठे सरकवतोय, याकडे फारसं कुणी बघत नाही. म्हणून या खेपेला त्याच अंगाचे प्रश्न निवडलेत.

प्रश्न : माझ्याकडे रॉयल एनफिल्डची मेटिऑर ३५० मोटरसायकल आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. परवा पेट्रोल पंपावर वळताना गाडी डावीकडे आडवी झाली. दोघं धावत आले, गाडी उचलून दिली आणि वर "ताई, स्कूटी घ्यायची ना" असं ऐकवून गेले. मला एकटीला गाडी उचलता येईल का? (भुसावळ)

ताई, येईल. मेटिऑर जवळपास भरल्या टाकीसह १९१ किलोची आहे, पण तुम्हाला ते १९१ किलो उचलायचेच नाहीत. चाकं जमिनीला टेकलेलीच राहतात. टायरच्या कडेवर गाडी फिरवून उभी करायची असते. हँडलपाशी त्याला वजनाच्या निम्म्याच्या आसपास जोर लागतो, तोही सुरुवातीच्या हातभर अंतरात. गाडी वर येईल तसा तो कमी होत जातो. आपल्याकडे बहुतेक जण गाडीकडे तोंड करून वाकतात आणि हँडलला हिसका देतात. मग सगळा भार कमरेच्या मणक्यावर येतो. दोघं असले की निभावतं, एवढंच.

पडल्यावर पहिल्यांदा स्वतःकडे बघा, मग किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) आणि चावी बंद करा. पेट्रोल ठिबकतंय का ते पाहा. पंपावर असाल तर भोवती जमलेल्या गर्दीला आधी लांब करा. गाडी गिअरमध्ये असेल तर उत्तम, मागचं चाक घरंगळत नाही. न्यूट्रलमध्ये डावीकडे पडली असेल तर गिअरचा लिव्हर गाडीखाली दबलेला असतो, अशा वेळी चाकाला दगड लावा किंवा पुढच्या ब्रेकचा लिव्हर रबराने नाहीतर ओढणीने मुठीशी घट्ट बांधा.

आता हँडल, ज्या बाजूला गाडी पडली त्याच बाजूला पूर्ण वळवा. खालची मूठ टाकीजवळ येते. मग गाडीकडे चक्क पाठ करा. सीटच्या कडेला बूड टेकवून उकिडव्या बसा, पाय खांद्याएवढे फाकलेले, टाचा जमिनीत रुतवलेल्या. गाडी डावीकडे पडली असेल तर उजव्या हातात हँडलची डावी मूठ येईल, डाव्या हाताने मागचा ग्रॅब रेल, म्हणजे मागे बसणाऱ्याने धरायचा दांडा, धरा. इंडिकेटर किंवा सायलेन्सर धरू नका. एक तुटतो, दुसरा भाजतो. पाठ ताठ, नजर समोर. आता हात फक्त धरून ठेवणार, काम मांड्यांचं. पायांनी रेटत, इंच-इंच पावलं मागे टाकत गाडी सीटने ढकलत न्या. अर्ध्याच्या वर आली की घाई सोडा, कारण तिथून पुढे ती झपकन सरळ होते आणि पलीकडे कलंडते. तुमची गाडी डावीकडे पडली होती, म्हणजे स्टँड तुमच्याच बाजूला आहे. गाडी सरळ झाली की कंबरेने आधार देत तो पायाने उघडा. उजवीकडे पडली असेल तर मात्र उचलण्याआधीच साईड स्टँड उघडून ठेवायचा, म्हणजे तोल पलीकडे गेलाच तरी ती स्टँडवर बसेल. बहुतेकांची गाडी दुसऱ्यांदा पडते ती हे न केल्यामुळे.

उभी झाली म्हणजे लगेच बटण दाबू नका. क्लच-ब्रेकचे लिव्हर वाकलेत का, खाली तेल सांडलंय का बघा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे इंजिनातलं ऑइल खाली बसेल. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत, गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. चावी एकदा बंद करून पुन्हा सुरू केली की तो मोकळा होतो. "गाडी चालूच होत नाही" म्हणून ओढून नेलेल्या काही गाड्यांचं दुखणं एवढंच निघतं.

सराव घरी करा. अंगणात जुनी गादी आणि दोन गोधड्या अंथरा, पलीकडे एक माणूस उभा करा आणि गाडी हळूच आडवी करा. लेग गार्ड असेल तर गाडी पूर्ण झोपत नाही आणि अवघड असा तो पहिला टप्पा वाचतो. सजावटीचे पैसे कुठे घालायचे असतील तर पहिले तिथे. मणक्याचा त्रास असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा गरोदर असाल तर मदत येईपर्यंत गाडी पडलेली राहू द्या. आणि स्कूटीचा सल्ला देणारे पुन्हा भेटले तर त्यांना एकेकट्याने उचलून दाखवायला सांगा.

प्रश्न : माझ्या सुपर मेटिऑर ६५० ला डबल स्टँड नाही. मागचं चाक काढायचं आहे, चेनही साफ करायची आहे. घर धाब्याचं, ओसरीत शहाबादी फरशी. घरात कारचा जॅक आहे. वडील म्हणतात, तुळईला चेन कुप्पी (साखळीची कप्पी) लावून गाडी वर ओढू. "भलती जड शे भो," म्हणून मित्र हात लावायला तयार नाहीत. काय करू? (रावेर तालुका)

मित्र खरं बोलतायत, गाडी २४१ किलोची आहे. आणि वडिलांचा मान ठेवून सांगतो, तुळईला हात लावू नका. धाब्याच्या छतावर मातीचा थर असतो, तुळई तो भार पिढ्यान्‌पिढ्या पेलतेय. आतून वाळवी लागली असेल तर बाहेरून कळत नाही. त्यात हा नवा भार एकाच ठिकाणी आणि हिसक्याने येणार.

कारचा जॅकही नको. त्याचं डोकं कारच्या पत्र्याची कड धरण्यासाठी बनवलेलं असतं. मोटरसायकल अशा अरुंद टोकावर ठेवली की भोवऱ्यासारखी डुगडुगते. शिवाय लोक तो इंजिनाच्या पोटाखाली लावतात, नेमका ऑइलच्या बोल्टपाशी. तिथलं आवरण ॲल्युमिनियमचं, तडकलं की ऑइल अंगणात आणि बिल हातात. काही गाड्यांत इंजिनाखालून फ्रेमचे दोन पाइप गेलेले असतात, तिथे जॅक टेकवता येतो. तुमच्या गाडीत तसे नाहीत, इंजिन वरच्या फ्रेमला खालून जोडलेलं आहे. तेव्हा आधाराची जागा अंदाजाने ठरवू नका, गाडीचं पुस्तक उघडा किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी वर घेतलेली असताना वाकून बघा.

मागच्या चाकासाठी पॅडॉक स्टँड घ्या, चिमट्याखाली (मागचं चाक ज्यात बसतं त्या दांड्यांखाली) लागतो तो. घेताना दोन गोष्टी तपासा. किती किलो पेलतो ते त्यावर लिहिलेलं असावं, आणि तुमच्या गाडीवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तुमच्यासारख्या क्रूझर गाड्यांचे सायलेन्सर खाली आणि लांब असतात, स्टँडचा दांडा त्यांच्याशी भिडतो.

आता कामाचा क्रम. चाकाचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. स्टँडवर चढवलेल्या गाडीला लांब पान्याने हिसके दिले की ती उतरलीच समजा. पुढचा ब्रेक बांधा, पुढच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. शहाबादीखाली बऱ्याच ठिकाणी पोकळी असते, दाब एका जागी आला की फरशी चिरते. म्हणून पाऊण इंची प्लायवूडचा तुकडा अंथरून त्यावर स्टँड ठेवा. टाकी शक्यतो रिकामी असू द्या. त्यात १५.७ लिटर मावतं, म्हणजे साडेअकरा किलोच्या आसपास, आणि ते वजन अगदी वर असतं. गाडी चढली की पलीकडे माणूस उभा करून हलकेच हलवून बघा. डोलत असेल तर उतरवा आणि पुन्हा लावा. चाक निघालं की मागचं वजन कमी होतं आणि तोल पुढे सरकतो, म्हणून फ्रेमच्या भक्कम जागी लाकडी ठोकळ्यांचा दुसरा आधार आधीच देऊन ठेवा. विटा नकोत, त्या फुटतात. स्टँडवरच्या गाडीजवळ लेकरांना फिरकू देऊ नका आणि जेवायला उठायचं असेल तर आधी गाडी खाली घ्या.

चाक परत बसवल्यावर नट शेवटचा आवळायचा तो जमिनीवर, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या), पुस्तकात दिलेल्या आकड्याला. मागच्या ब्रेकचं पायडल घट्ट लागेपर्यंत दाबा आणि मगच गल्लीबाहेर पडा.

फक्त चेन साफ करायची असेल तर यातलं काहीच लागत नाही. हातभर पुढे ढकला, तेवढी चेन पुसा, पुन्हा ढकला. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावणारे मी पाहिलेत. त्यांची बोटं मोजून घ्यावीत.

प्रश्न : सर, माझ्या रॉयल एनफिल्ड क्लासिकला उंच एप हँगर हँडल, मोकळा सायलेन्सर आणि मागे जाड टायर टाकायचा विचार आहे. एमएच १९ पासिंग आहे. पोलीस अडवतील का? (जळगाव, अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

सायलेन्सरसाठी नक्की अडवतील, आणि अडवावंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज आणि धुराच्या उल्लंघनाला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहेत. जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोड रोलरखाली घालतात. कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदींशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे मांडलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रंग बदलायचा असेल तर आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

हँडलचं दुखणं वेगळं आहे. उंच हँडलला मूळ केबल आणि ब्रेकची नळी अपुरी पडते. कुणी लावून दिलंच तर इंजिन आयडलवर ठेवा आणि हँडल डावीकडे-उजवीकडे शेवटपर्यंत वळवा. इंजिनाचा आवाज चढला तर ॲक्सिलेटरची केबल ताणली जातेय, म्हणजे वळणावर गाडी आपोआप पळणार. ब्रेकची नळी कुठल्याही टोकाला ताठ झालेली चालत नाही. शिवाय हात खांद्याच्या वर गेले की अंगाचा भार मागे सरकतो, पुढचं चाक हलकं पडतं आणि बाजारपेठेच्या गर्दीत, पायी चालण्याच्या वेगात, गाडी आवरत नाही. भुसावळच्या ताईंना दिलेलं उत्तर मग तुम्हालाही रोज लागेल.

जाड टायर चिमट्याला आणि चेनला घासतो, रिमला नीट बसत नाही आणि गाडी वळायला जड होते. कंपनीने दिलेलाच आकार ठेवा. हौस सीट, आरसे, मुठी, टाकीचे पॅड आणि रंगावर भागवा. जे काही काढाल ते पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा, गाडी विकताना गिऱ्हाईक तेच मागतं.

प्रश्न : शेतात उभी केली की साईड स्टँड काळ्या मातीत रुततो आणि गाडी पडते. (शहादा)

स्टँडच्या टोकाला रुंद पत्र्याची टिकली बसवून घ्या, तयारही मिळते. तोवर डिकीत तळहाताएवढा फळीचा तुकडा ठेवा. पावसाळ्यात बांधाच्या आत गाडी नेऊच नका. आणि केळीच्या बागेत खोडाला टेकवून उभी करणाऱ्यांनो, त्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, तसे पांढऱ्या सीटवरूनही जात नाहीत.

प्रश्न : पुढे ५५ वॅटचे दोन जादा दिवे लावलेत. इलेक्ट्रिशियनने हेडलाइटच्याच वायरला जोडले. चालेल का? (धुळे)

नाही. दोन्ही मिळून ११० वॅट, म्हणजे बारा व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर. मूळ वायर आणि स्विच तेवढ्यासाठी नसतात, आधी स्विच वितळतो. बॅटरीपासून वेगळी जाड वायर, बॅटरीजवळच पंधरा अँपिअरचा फ्यूज आणि मध्ये रिले (स्विचऐवजी जादा करंट स्वतः पेलणारा) घाला. त्याहून सोपं म्हणजे कमी वॅटचे एलईडी लावा, कारण गाडीचा चार्जिंगही मोजकाच असतो. समोरच्याच्या डोळ्यात जाणारे दिवे लावून हायवेला पुण्य मिळत नाही.

प्रश्न : बायकोसह कन्नड घाटातून संभाजीनगरला जातो. मागे दोन्ही बाजूंना सामानाचे दोन मोठे पॅनियर लावायचेत. दुकानदार म्हणतो साडी गार्ड काढावा लागेल. (चाळीसगाव)

साडी गार्ड काढू नका, दुकानदार बदला. मागे माणूस बसणाऱ्या दुचाकीला हाताची पकड, पायटे आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ ने सक्तीचं केलंय. ओढणी चाकात गेल्यावर काय होतं ते ज्याने पाहिलंय तो हा नियम मोडत नाही. गार्डवरून बसणारे पॅनियर स्टँड मिळतात.

जड सामान तळाशी आणि शक्य तितकं पुढे भरा, दोन्ही बाजू हाताने तोलून सारख्या करा. एका बाजूला पाण्याचे कॅन आणि दुसरीकडे कपडे असं झालं की घाटाच्या वळणावर गाडी एकीकडे ओढते. मागच्या टायरमध्ये दोघांच्या भाराची हवा भरा. आकडा बहुतेक गाड्यांत चेनच्या कव्हरवर किंवा पुस्तकात असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. आपल्याकडच्या उन्हात दुपारी मोजली तर ती चढलेली दाखवते आणि लोक नको तेवढी सोडून देतात. मागचा शॉकअप एक-दोन खाचा कडक करा. उतारावर गिअर खालचा ठेवा, ब्रेक दाबून धरू नका, आणि बायकोला सांगा की वळणावर तुमच्याबरोबर झुकायचं, उलट बाजूला नाही.