प्रार्थना करते, तरी मन शांत का होत नाही?

प्रश्न: ताई, आई जाऊन सात महिने झाले. रोज रात्री बायबल वाचते, प्रार्थना करते, रविवारची उपासना चुकवत नाही, तरी रात्री तीनला जाग येते ती येतेच आणि मग छातीत धडधड, आईचे शेवटचे दिवस डोळ्यांपुढे, आपण अजून काही करायला हवं होतं का हेच चालू. चर्चमधल्या एक काकू म्हणाल्या तुझा विश्वास कमी पडतोय, नाहीतर ख्रिस्त शांती देतोच. तेव्हापासून तर प्रार्थनेला बसायचीच भीती वाटते. खरंच माझा विश्वास कमी आहे का?

उत्तर: नाही. हे आधी सांगून टाकते, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. हेच वाक्य मलाही ऐकवलेलं आहे, माझे वडील गेले तेव्हा, आणि त्यानंतर दोनेक महिने मी चर्चला जायचे पण मागच्या बाकावर बसून गाणी चालू असताना नुसते ओठ हलवायचे.

काकू बहुतेक बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं 'चिंताक्रांत होऊ नका' धरून बोलल्या असणार. पण प्रेषित पौलाने ते पत्र कैदेत असताना लिहिलंय आणि त्याच पत्रात दोन अध्याय आधी तो सांगतो की त्याचा सहकारी एपफ्रदीत आजारी पडून मरायला टेकला होता, तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, आता त्याला तुमच्याकडे पाठवतोय म्हणजे माझीही काळजी जरा कमी होईल. म्हणजे पौलालाही काळजी होतीच की! पुढे देवाची शांती तुमची मनं 'राखील' असं तो म्हणतो ना, तिथला मूळ ग्रीक शब्द सैनिकांच्या पहाऱ्याचा आहे. पहारा कधी बसवतात, बाहेर धोका असतो तेव्हाच ना.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात वादळ सुटतं, नावेत पाणी भरायला लागतं आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला. ही उशी फक्त मार्कनेच लिहिलीय, हीच गोष्ट सांगणारे मत्तय आणि लूक तिचं नावही काढत नाहीत, मला मात्र अख्ख्या गोष्टीत तीच आवडते. शिष्य त्याला उठवतात आणि चक्क तक्रार करतात, गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का? ह्याला कोणी सुंदर प्रार्थना म्हणणार नाही, पण तो उठतो. आधी वारा थांबवतो, विश्वास कुठे गेला हे नंतर विचारतो. (मत्तयमध्ये क्रम उलटा आहे, माहितीय मला, पण तिथेही त्याने कुणाला वादळात सोडून दिलेलं नाही.)

तेव्हा तीनला जाग आली की शांत व्हायचा प्रयत्नच करू नका, तक्रार करा. शब्द सुचत नसतील तर ८८ वं स्तोत्र उघडा आणि पुटपुटत का होईना, आवाज काढून वाचा. बाकीची बरीच विलापाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते बायबलमध्ये आहे, कुणी काढून टाकलं नाही. वाचून झालं की आईबद्दलची टोचणी आहे तशी बोला, अमुक दिवशी मी चिडले होते, तमुक वेळी उशिरा पोचले, असं नेमकं. मोघम 'मला क्षमा कर' म्हटलं की टोचणी तशीच राहते, हा माझा अनुभव.

आणि सात महिने झोप मोडतेय तर डॉक्टरांना दाखवा, त्याने विश्वास कमी होत नाही. बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा झाडाखाली बसून म्हणतो पुरे झालं, मला मरण दे, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही, भाकरी आणि पाणी देतो, परत झोपू देतो, मग पुन्हा उठवून खायला घालतो. देवाशी बोलणं वगैरे त्यानंतर, तेही चाळीस दिवस चालून डोंगरावर पोचल्यावर.

काकूंना काही बोलू नका. फारच झालं तर म्हणा, काकू, ८८ वं स्तोत्र माझ्याबरोबर वाचता का?